जयंती रोहू आणि माशांची निवड पैदास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संशोधन संस्था, म्हणजे सीफा, आहे. तेथे रोहू माशावर झालेल्या आनुवंशिक संशोधनाविषयी शेततळेधारक, मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे सदस्य, हॅचरीचालक (म्हणजे मत्स्यबीज केंद्र चालवणारे) आणि मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी सतत प्रश्न पाठवत असतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एकाचा विषय दुसऱ्यात येतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जयंती रोहू ही माशाची वेगळी जात आहे का?

नाही. जयंती हा रोहूच आहे. शास्त्रीय नाव तेच, लेबिओ रोहिता. गव्हाच्या किंवा तुरीच्या सुधारित वाणाला आपण वेगळे पीक म्हणत नाही, त्याचप्रमाणे जयंती हा रोहूचा सुधारित वाण आहे. वाढीचा वेग हा एकच मुख्य गुण समोर ठेवून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून तो तयार झाला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९७ मध्ये, सुधारित रोहूला जयंती हे नाव मिळाले.

२. हे संशोधन कोणी आणि का सुरू केले?

१९९२ मध्ये सीफा आणि नॉर्वेची अक्वाफोर्स्क ही मत्स्यसंवर्धन संशोधन संस्था यांच्या सहकार्याने हा कार्यक्रम सुरू झाला. नॉर्वेत पशुपैदाशीचे शास्त्र शिकलेले त्रिग्वे येद्रेम यांनी १९७० च्या दशकात गाई-मेंढ्यांच्या पैदाशीची तत्त्वे सामन माशाला लावली होती, आणि देशातील अनेक नद्यांमधून अंडी गोळा करून वंशावळीवर आधारित निवड कार्यक्रम उभा केला होता. तोच अनुभव आधी फिलिपिन्समधील तिलापियाच्या कार्यक्रमात (प्रश्न १२ पाहा) आणि पुढे भारतात रोहूसाठी कामी आला. भारतीय बाजूने पी. व्ही. जी. के. रेड्डी, कांता दास महापात्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर नॉर्वेच्या बाजूने येद्रेम यांच्यासह ब्यार्ने येर्दे यांनी प्रदीर्घ काळ हे काम केले.

कटला, रोहू आणि मृगळ या तीन प्रमुख कार्प माशांपैकी सुरुवात रोहूपासून झाली, कारण बाजारात त्याला मागणी सर्वाधिक, पण वाढ मात्र कटल्यापेक्षा मंद. शिवाय हॅचरीत तयार होणाऱ्या बीजाची वाढ पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रार त्या काळात सर्वत्र ऐकू येत होती. त्या तक्रारीचे मूळ प्रश्न ७ मध्ये सविस्तर दिले आहे.

३. पाच नद्यांतून मासे कशासाठी आणले? हॅचरीतलेच चांगले मासे निवडून भागले नसते का?

निवड ही जे अस्तित्वात आहे त्यातूनच करता येते. सर्व मासे एकमेकांचे जवळचे नातलग असतील, तर त्यांच्यातील फरक बहुतांशी खाद्य, दाटी आणि पाणी यांमुळे पडलेला असतो आणि तो पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून गंगा, गोमती, यमुना, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांमधील रोहू आणून, संस्थेच्या स्वतःच्या तलावांतील रोहू हा सहावा समूह धरून, त्या सर्वांच्या मिश्रणातून पायाभूत पिढी तयार करण्यात आली.

त्याआधी या समूहांची वाढ आणि जगण्याचे प्रमाण दोन पद्धतींत तपासले गेले: केवळ रोहू असलेल्या तलावात आणि अन्य कार्प माशांसह मिश्र संवर्धनात. हा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडील बहुतेक शेतकरी मिश्र संवर्धनच करतात. एका परिस्थितीत निवडलेला मासा दुसऱ्या परिस्थितीत मागे पडला असता, तर सारा खटाटोप व्यर्थ गेला असता.

४. निवड म्हणजे सर्वांत मोठा मासा बाजूला काढून त्याचे बीज घ्यायचे, एवढेच ना?

एवढेच असते, तर हे काम प्रत्येक हॅचरीत कधीच झाले असते. एखादा मासा मोठा दिसतो तो आनुवंशिक गुणामुळे, की चार दिवस आधी जन्मल्यामुळे, की कमी दाटीच्या तळ्यात वाढल्यामुळे, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्याचे सख्खे आणि सावत्र बहीणभाऊ कसे वाढले, हे ठाऊक असेल तरच त्याच्या गुणाचा अंदाज विश्वासार्ह ठरतो. म्हणून जयंतीच्या कार्यक्रमात कुटुंबांमधील तुलना आणि त्या कुटुंबांच्या आतील तुलना, दोन्ही एकत्र करून निवड केली जाते.

अडचण अशी की रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ ते ३ लाख अंडी देते आणि त्यातून निघणारे मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, इतके सूक्ष्म व एकसारखे असते की कोणते पिल्लू कोणत्या आईबापाचे, हे एकदा मिसळल्यावर कळत नाही. त्यामुळे प्रत्येक जोडीची पिल्ले स्वतंत्र संगोपन तळ्यात ठेवावी लागतात. ती बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, आकाराची झाली की प्रत्येकीच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण बसवतात. तिच्यावरील क्रमांक वाचणारे यंत्र माशावरून फिरवले की त्याची ओळख पटते. त्यानंतरच सर्व कुटुंबे एका तलावात एकत्र सोडली जातात, म्हणजे तुलना समान परिस्थितीत होते.

येथेही एक सूक्ष्म प्रश्न उरतो. पहिले काही आठवडे वेगवेगळ्या तळ्यांत गेल्याने, एखादे तळे अधिक सुपीक असेल तर त्यातील संपूर्ण कुटुंब पुढे दिसते, आणि हे श्रेय चुकून रक्ताला दिले जाऊ शकते. हा प्रभाव संख्याशास्त्रीय पद्धतीने वेगळा काढावा लागतो. जयंतीची खरी संपत्ती तलावातील माशांइतकीच या नोंदवह्यांमध्ये आहे, असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला ठामपणे सांगेन.

५. ‘दर पिढीला १७–१८ टक्के वाढ’ याचा अर्थ माझ्या तळ्यातील उत्पादन तितके वाढेल का?

अनेक पिढ्यांच्या नोंदींवरून रोहूच्या वाढीत दर पिढीला सरासरी १७ ते १८ टक्के आनुवंशिक प्रगती झाली, असे संस्थेचे मोजमाप आहे. पाळीव जनावरांच्या पैदाशीशी तुलना करता हा वेग मोठा आहे. एका मादीपासून लाखो पिल्ले मिळत असल्याने माशांत निवड फार कडकपणे करता येते, हे त्याचे एक कारण आहे.

मात्र ही टक्केवारी माशाच्या क्षमतेची आहे. चांगल्या व्यवस्थापनात साधा रोहू वर्षभरात सुमारे ७०० ग्रॅम ते १ किलो होतो. त्याच तळ्यात, त्याच खाद्यावर आणि त्याच दाटीत जयंती त्याच्या पुढे जाईल. परंतु ज्या तळ्यात उन्हाळ्यात पाणी दोन फुटांवर येते, पहाटे प्राणवायू संपून मासे पृष्ठभागावर तोंड काढतात आणि खाद्य आठवण होईल तेव्हाच पडते, तेथे वाढीला अडथळा रक्ताचा नसतो, परिस्थितीचा असतो, आणि केवळ बीज बदलून तो दूर होत नाही.

तुलना करायची असल्यास दोन वेगळी तळी घेऊ नयेत, कारण तळ्यातळ्यांतील फरकच बीजातील फरकापेक्षा मोठा निघू शकतो. एकाच आकाराची जयंती व साधी बोटुकली घ्यावी, एका गटाच्या पोटाकडील एका पराचा शेंडा कापून खूण करावी, दोन्ही गट समान संख्येने एकाच तळ्यात सोडावेत आणि काढणीच्या वेळी वेगवेगळे वजन करावे.

६. हा जीएम मासा आहे का? खाण्यास सुरक्षित आहे ना?

जयंती हा जनुकीय बदल केलेला मासा नाही. त्यात दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचे जनुक घातलेले नाही. रोहूचीच जनुके, रोहूच्याच नैसर्गिक संयोगातून, अधिक अनुकूल प्रमाणात एकत्र आणलेली आहेत. जनुक बाहेरून घातलेल्या माशाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेला ॲक्वाॲडव्हान्टेज सामन. त्यात चिनूक सामनचे वाढ संप्रेरकाचे जनुक आणि ओशन पाऊट या माशाचा नियंत्रक तुकडा जोडलेला आहे. ही दोन तंत्रे मुळातच वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने शेतकऱ्याचे व ग्राहकाचे सारखेच नुकसान होते. जयंती खाणे म्हणजे रोहू खाणे.

प्रजननासाठी प्रजनक माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देतात, म्हणून काही जण साशंक होतात. ते इंजेक्शन अंडी सोडण्यासाठी आईबापांना दिलेले असते, बाजारात येणाऱ्या त्यांच्या पिल्लांना नव्हे.

७. आमच्याकडील बीज दरवर्षी खुजे होत चालले आहे, असे वाटते. हे खरे असू शकते का?

असू शकते, आणि त्याची दोन आनुवंशिक कारणे चांगली परिचित आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते नदीपात्र लागते. त्यामुळे पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. १० जुलै हा दिवस त्याच्याच स्मरणार्थ राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधाने देशातील मत्स्यशेतीचा पाया घातला, यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर हॅचरीला नदीची गरज उरली नाही, आणि थोड्याशा आईबापांपासून कोट्यवधी बीज काढणे शक्य झाले. नदीत जे काम निसर्ग करीत होता, ते रक्ताची सरमिसळ ठेवण्याचे काम आता हॅचरीचालकावर येऊन पडले, आणि त्याला ते कोणी समजावून सांगितले नाही.

पहिले कारण अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नातलगांचा आपसांतील संयोग. एका पिढीत अंतःप्रजनन किती वाढते, ते प्रजनकांच्या एकूण संख्येवर ठरत नाही. नर व माद्या यांच्या परिणामकारक संख्येवर ठरते. नरांच्या आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करून त्याला दोन्हींच्या बेरजेने भागले की ही संख्या मिळते. ५० नर व ५० माद्या घेतल्या तर ती १०० येते आणि अंतःप्रजनन पिढीला अर्धा टक्का वाढते. तेच २ नर व १०० माद्या घेतल्या, तर मासे संख्येने जास्त असूनही परिणामकारक संख्या ८ सुद्धा भरत नाही आणि अंतःप्रजनन एका पिढीत ६ टक्क्यांहून अधिक वाढते. दुबळी वाढ, कमी जगणूक आणि व्यंग असलेली पिल्ले हे त्याचे परिणाम. कर्नाटकातील हॅचऱ्यांवर ए. ई. एकनाथ आणि आर. डब्ल्यू. डॉयल यांनी केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंतःप्रजननाचा दर वर्षाला २ ते १७ टक्के असल्याचा अंदाज निघाला होता. हेच एकनाथ पुढे तिलापिया सुधारणेच्या कामात अग्रभागी होते आणि नंतर सीफाचे संचालकही झाले.

दुसरे कारण नकळत होणारी उलटी निवड. मोठे मासे चांगला भाव देतात म्हणून आधी विकले जातात आणि उरलेल्यांमधून प्रजनक ठेवले जातात. जो मासा विकण्याइतका वाढला नाही, तोच पुढच्या पिढीचा बाप ठरतो. हे दहा-पंधरा वर्षे चालले की बीज खुजे होणे हा योगायोग राहत नाही.

मात्र वाढ खुंटण्याचे प्रत्येक प्रकरण आनुवंशिक नसते. मर्यादेपेक्षा अधिक बीज सोडणे आणि पोसले न गेलेले जुने बीज स्वस्तात घेणे ही कारणे आधी तपासावीत.

८. मग दोन चांगल्या समूहांचा संकर करून हा प्रश्न लवकर सुटला नसता का?

हे करून पाहण्यात आले. रोहूच्या वेगवेगळ्या नद्यांतील समूहांचे परस्पर संकर, प्रत्येक समूहाचा प्रत्येकाशी अशा पद्धतीने, केले असता संकरातून मिळणारा जादा जोम सरासरीने अल्पच आढळला. म्हणून एकदाच्या संकरापेक्षा पिढीगणिक साठत जाणारी निवड हाच मार्ग स्वीकारला गेला. अंतःप्रजनन झालेल्या हॅचरीत बाहेरचे, नाते नसलेले प्रजनक आणल्यास उपयोग नक्की होतो, पण तो झालेले नुकसान भरून काढण्यापुरता.

रोहू आणि कटला यांचा संकर हा वेगळा विषय आहे. मिश्र प्रजननाच्या हौदात दोन जातींचे मासे एकत्र सोडल्याने तो अनेकदा नकळत होतो. हे संकरित मासे प्रजननक्षम असू शकतात, आणि ते प्रजनकांत मिसळले गेले तर दोन्ही जातींची शुद्धता जाते. हॅचरीत हे कटाक्षाने टाळावे.

९. बीज जयंतीचे आहे हे डोळ्यांनी ओळखता येते का?

नाही. मत्स्यजिरे असो, बोटुकली असो की पूर्ण वाढलेला मासा, जयंती आणि साधा रोहू यांच्या रंगरूपात खात्रीशीर फरक नाही. ‘शेपटी लाल असली की जयंती’ यांसारख्या सांगीवांगीवर विश्वास ठेवू नये.

म्हणून विचारायचे ते प्रजनकांविषयी. विक्रेत्याने प्रजनक किंवा मत्स्यजिरे सीफाकडून घेतले, की राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाच्या कौसल्यागंगा येथील राष्ट्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य प्रजनक बँकेतून, केव्हा घेतले, आणि त्याची पावती आहे का? महाराष्ट्रात पश्चिम बंगाल आणि आंध्र प्रदेशातून येणाऱ्या बीजाचे प्रमाण मोठे आहे आणि ते अनेक हातांतून जाते. मधल्या व्यापाऱ्याला उगम सांगता येत नसेल, तर ‘जयंती’ या नावासाठी जादा पैसे देऊ नयेत.

१०. मी आणलेले जयंतीचे मासे मोठे करून त्यांच्याचपासून बीज काढू शकतो का?

कायद्याने तुम्हाला कोणी अडवत नाही, पण खाण्यासाठी वाढवायला घेतलेल्या एका खेपेतून प्रजनक ठेवू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ती संपूर्ण खेप दोन-तीन माद्यांची संतती असू शकते. त्यांचा आपसांत संयोग म्हणजे सख्ख्या बहीणभावांचा संयोग, आणि त्यातून एकाच पिढीत अंतःप्रजनन २५ टक्क्यांवर जाते. अनेक पिढ्यांत कमावलेली वाढ अशा दोन फेऱ्यांत गमावता येते.

हॅचरी चालवायचीच असेल, तर प्रजनकांसाठी वेगवेगळ्या कुटुंबांची पिल्ले मुद्दाम मागून घ्यावीत, नर व माद्या शक्यतो समान संख्येने वापराव्यात (कारण प्रश्न ७ मध्ये आहे), हंगामाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे सर्व काळातील बीज थोडे थोडे राखावे, आणि काही वर्षांनी मूळ स्रोताकडून साठा नव्याने आणावा. नर बदलण्याचा आणखी एक मार्ग आता उपलब्ध आहे: द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेले नर माशांचे वीर्य. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या तंत्रावर मोठे काम केले आहे. दूरच्या हॅचरीला जिवंत नर न आणता नवे रक्त मिळू शकते.

११. जयंतीला रोग होत नाहीत का? आणि जीनोम, म्हणजे माशाचा संपूर्ण डीएनए, हाती आल्यावर ही जुनी निवड कशाला?

रोग होतात. सुरुवातीची निवड केवळ वाढीसाठी होती. एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूमुळे होणारे व्रण व रक्तस्राव हे कार्प संवर्धनातील मोठे संकट असल्याने पुढे त्याच्या प्रतिकारावरही काम सुरू झाले. येथे पद्धत निराळी लागते, कारण ज्या माशाला प्रजनक करायचे त्यालाच रोगजंतू टोचता येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक कुटुंबातील काही पिल्ले बंदिस्त प्रयोगशाळेत जंतूंना सामोरी जातात, आणि ज्या कुटुंबातील अधिक पिल्ले तगतात, त्यांची निरोगी भावंडे निवडली जातात.

डीएनएची मदत नेमकी येथेच होते. कुटुंबाच्या सरासरीवरून एका कुटुंबातील दोन भावंडांत फरक करता येत नाही. डीएनएमधील खुणा तो फरक दाखवू शकतात. रोहूच्या २५ गुणसूत्र जोड्यांवरील अशा खुणांचा नकाशा आणि या रोगाच्या प्रतिकाराशी जोडलेली स्थाने २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोहूच्या जीनोमची जुळणी त्यानंतर २०२० मध्ये आली. परंतु कोणती खूण कोणत्या गुणाशी जाते, हे शिकण्यासाठी वजन, जगणूक आणि वंशावळ यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीच लागतात. नवे तंत्र या नोंदींवर उभे राहते. त्यांच्यावाचून ते आंधळे असते.

१२. गिफ्ट तिलापिया असाच तयार झाला का? उजनीची चिलापी तीच का?

पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही. गिफ्ट (जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया, म्हणजे निवडीतून सुधारलेला तिलापिया) कार्यक्रम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाला. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील चार नैसर्गिक समूह आणि आशियात पाळले जाणारे चार समूह एकत्र करून त्यात नाईल तिलापियाची वंशावळीवर आधारित निवड झाली. रोहूच्या कार्यक्रमाची आखणी याच धर्तीवर आहे.

उजनी जलाशयातील चिलापी (तिलापियाचेच स्थानिक नाव) पाण्यात आपोआप प्रजनन करून वाढलेली आहे, आणि तिच्यामागे नोंदींचा असा कोणताही कार्यक्रम नाही. रोहू तळ्यात आपोआप अंडी घालत नाही, तिलापिया मात्र काही महिन्यांतच घालू लागतो, हा दोघांतील व्यवहाराचा सर्वांत मोठा फरक. म्हणूनच गिफ्टचे संवर्धन परवानगी घेऊन आणि एकलिंगी नर बीजाने करण्याची अट असते.

१३. पुरात जयंती रोहू निसटून नदीत गेला तर?

हा प्रश्न प्रदेशानुसार वेगळा आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत रोहू मूळचा आहे. तेथे मोठ्या संख्येने निसटलेले मासे, मग ते जयंतीचे असोत वा अंतःप्रजनन झालेल्या हॅचरीचे, नदीतील समूहांत मिसळून त्यांची स्वतंत्र घडण पुसट करू शकतात. मला यातील दुसरी शक्यता अधिक चिंतेची वाटते, कारण तसे बीज संख्येने फार मोठे आहे. ज्या नद्यांच्या विविधतेतून जयंती घडला, ती विविधताच नष्ट झाली, तर पुढील सुधारणेसाठी कच्चा माल उरणार नाही. म्हणून नदीत बीज सोडायचे असेल तर ते त्याच नदीच्या प्रजनकांपासून काढलेले असावे. नदीत जयंती सोडू नये.

महाराष्ट्रातील कृष्णा-भीमा खोऱ्यात रोहू बाहेरून आणलेला आहे, त्यामुळे तेथे रोहूच्या स्थानिक वंशाचा प्रश्न येत नाही. तेथे जपायचे ते खडस म्हणजे महसीरसारखे मूळचे मासे, आणि त्यांना जागा व अन्न यांसाठी होणाऱ्या स्पर्धेचा विचार करायला हवा. तळ्याच्या सांडव्याला जाळी लावणे, हा दोन्हीकडे लागू पडणारा साधा उपाय आहे.

१४. रोहूशिवाय कटल्याचे किंवा कोळंबीचे सुधारित वाण मिळतात का?

सीफाने कटल्याचा निवड कार्यक्रम राबवून ‘अमृत कटला’ हा सुधारित वाण दिला आहे. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचा, म्हणजे स्कॅम्पीचा, सुधारित वाणही तेथेच तयार झाला आहे. त्यासाठी गुजरात, केरळ आणि ओडिशातील समूह वापरले गेले. यांपैकी काहीही मागवताना प्रश्न ९ मधील चौकशी करावी, आणि जून-जुलैच्या गर्दीत मागणी न नोंदवता उन्हाळ्यातच नोंदवून ठेवावी, कारण या माशांचे प्रजनन पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांतच होते.